तीनशे तासांची टेकडी

३ नोव्हेंबर, सकाळी ७
मंजुरीचं पत्र आलं. युवा निसर्गसंवर्धन अनुदान. सरकारी टेकडीवरची घाणेरीची झुडपं काढायची. सहा तरुण, प्रत्येकी तीनशे तास काम. अर्ज हिने केला होता. ही जाऊन बेचाळीस दिवस झाले. प्रकल्पप्रमुख आता मी. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, एकदा मोकळेपणाने रडून घ्या." मी शांत आहे. तसं तिला सांगितलं. फोन टेबलावर ठेवताना काच तडकली. हल्ली काचा फार नाजूक करतात.

५ नोव्हेंबर
सहाही जण हजर. त्यांची म्होरकी एक मुलगी आहे, बाकीचे तिला कप्तान म्हणतात. तिला वनरक्षकाच्या भरतीसाठी तीनशे तासांचं सर्टिफिकेट हवंय. मागच्या वेळी चौदा तास कमी पडले आणि अर्ज बाद झाला. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची भरती. तिने मलाच नियम वाचून दाखवला: अनुदान तरुणांच्या श्रमासाठी आहे, प्रमुखाने हत्यार धरायचं नाही. योग्य नियम. कसं तोडायचं ते दाखवण्यापुरता मी एकदा कोयता मारला. चाळीस झुडपं झाली.

८ नोव्हेंबर
संकल्प: कोयत्याला हात लावायचा नाही. सकाळी दहापर्यंत पाळला. मग एक फांदी गाल ओरबाडून गेली. त्या झुडपाची खांडोळी केली, मग तुकड्यांचे तुकडे केले. पोरांतला चष्मेवाला म्हणाला, "काका, मेलंय ते. कधीच." या पिढीला चिकाटी नाही.

१२ नोव्हेंबर
मारामारी. सगळ्यात उंच पोरगा, लांब्या, त्याने चष्मेवाल्याच्या आईवरून काहीतरी काढलं. चष्मेवाल्याने कुदळीचा दांडा त्याच्या पाठीत घातला. मग दोघं उतारावरून गडगडत खाली. रक्त, शर्टाच्या चिंध्या. मी अगदी शांतपणे मध्ये पडलो. लांब्याचा दात माझ्या कोपराने पडला असं सगळे म्हणतात. झटापटीत कोणाचं कोपर कोणाला लागलं, कोण सांगणार? आम्ही तिघंच होतो, हे मात्र खरं.

१५ नोव्हेंबर
सुट्टी. टेकडीवर एकटाच गेलो. दवाखान्यात नऊ दिवस मला सांगत होते, "पेशंट स्टेबल आहे." आज एकेका झुडपाला हेच सांगितलं आणि मग तोडलं. दीड एकर झालं. पंजाला सात टाके. डॉक्टरांनी विचारलं, कोणाशी भांडलात? व्यायाम करतो म्हणालो.

२१ नोव्हेंबर
टेकडी साफ! रोज पहाटे दोन तास आणि मुलं गेल्यावर तीन तास, असं करून काम दीड महिना आधी संपवलं. सरप्राइज म्हणून कोणाला बोललो नव्हतो.

कप्तान वर आली आणि बघतच राहिली. आभार मानेल असं वाटलं. तिने कुदळ माझ्या पायाशी आपटली. दगडावर ठिणगी उडाली. म्हणाली, "आमचे आत्ता कुठे नव्वद तास झालेत, काका. उरलेले कुठे भरायचे? तुमच्या डोक्यावर?" मी म्हटलं, तीनशे लिहून टाकतो, कोण बघतंय. ती म्हणाली, "म्हणजे खोटा कागद दाखवून जंगल राखायला जाऊ?" आणि प्रकल्पाच्या बोर्डाला लाथ घातली. रागाने काही साधत नाही, हे मी तिला समजावलं. ती गेल्यावर मीही एक घातली. अंगठा मोडला.

२४ नोव्हेंबर
अनुदानाच्या ऑफिसात जाऊन दुसरी टेकडी मागितली. साहेब म्हणाले, जागा बदलता येत नाही, तपासणीत काम संपलेलं दिसलं तर प्रकल्प बंद. मी शांतपणे मुद्दा मांडला. शिपायाने दंडाला धरून बाहेर काढलं. टेबलावरची काच सकाळपासूनच फुटलेली असावी.

९ डिसेंबर
तपासणी. साहेब दहा पावलं चालले, थांबले आणि बुटाने दाखवलं, "हे काय?" मी तोडलेल्या प्रत्येक खुंटातून पाच-पाच कोंब आले होते. हिरवेगार. सगळ्या टेकडीभर.

कप्तान गुडघ्यावर बसून बघत होती. मग हसायलाच लागली. "अहो काका, याचा गड्डा खणून काढायचा असतो! नुसतं वरून झोडपून काय होतंय? आम्ही काढलंय तिथे बघा, एक पान नाही."

साहेबांनी लिहिलं: प्रमुखाने केलेलं काम शून्य. क्षेत्र बरंचसं शिल्लक. तरुणांचे तास पुढे चालू ठेवावेत.

एवढं दूरवर पाहून मी काम केलं होतं असं नाही म्हणणार. पण उपयोग झाला. कप्तानने माझा कोयता काढून घेतला आणि स्वतःच्या पिशवीत टाकला.

११ डिसेंबर
पुन्हा सुरुवात. मला झाडाखाली खुर्ची दिली, मांडीवर हजेरीचा नवा तक्ता. हातात नुसतं पेन. दहा वाजता पहिली नोंद करायला गेलो. तक्त्यावर अर्जदार म्हणून अजून हिचंच नाव छापलेलं.

डोळ्यांतून थांबेचना. आवाजही फार झाला.

कप्तानने काम थांबवलं. सगळ्यांना म्हणाली, "तिकडे तोंड करून बसा. कोणी वळून बघितलं तर कानाखाली देईन." सहाही जण माझ्याकडे पाठ करून बसले. लांब्यासुद्धा.

बऱ्याच वेळाने ती आली. पाण्याची बाटली दिली. म्हणाली, "झालं, काका? मग लिहा. दहा ते अकरा काम बंद."

मी म्हटलं, एवढं चालतं, धरू या तो तास.

"नाही. केलं नाही ते धरायचं नाही."

सहा नावांपुढे एकेक तास कमी लिहिला.