पंचाचा चष्मा

सर, इतक्या वर्षांनी आज तुमचा चष्मा पुन्हा कागदावर उमटला. आधी एक काच, मग दुसरी, मग दोऱ्यानं बांधलेली ती काडी. तुम्ही असतात तर शाई जास्त झाली म्हणून ओरडला असतात, आणि ते बरोबरच होतं.

मी नववीत होते. पिंपरीच्या एका कारखान्यातून तांब्याच्या तारेचं भेंडोळं गेलं आणि हवालदार सरळ आमच्या झोपडीत आला. आम्ही पारधी. चोरी कुठंही होवो, शोध आमच्यापासूनच सुरू व्हायचा. त्यात वडील त्याच कारखान्यात माल चढवायचे, एवढं पुरलं. आमच्या चुलीमागं गोवऱ्यांशिवाय कधी काही नव्हतं, पण भेंडोळं तिथंच सापडलं असा पंचनामा झाला. समोर उभं राहून पाहिलं म्हणून खाली दोन पंचांच्या सह्या होत्या. एक नाक्यावरच्या हॉटेलवाल्याची, दुसरी चिंचवडच्या आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाची, म्हणजे तुमची. कोर्टात सरकारी वकिलानं विचारलं, "ही सही तुमचीच?" तुम्ही म्हणालात, "हो." वडिलांच्या बाजूनं वकीलच नव्हता, त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. त्यांना सहा महिन्यांची कैद झाली.

तो प्रश्न मी विचारला. तुमच्या तासाला, सगळ्या वर्गासमोर. "सर, आमचं घर कुठं आहे?" तुम्ही फळा पुसत होतात. न वळताच म्हणालात, "माहीत नाही. हवालदारानं शाळेच्या फाटकाशी कागद पुढं केला. मी सायकलवरून उतरलोसुद्धा नाही." मी म्हणाले, "मग कोर्टात का नाही सांगितलंत?" "भ्यालो." मला तुमचा इतका राग आला की रडूही येईना. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यापुढं ठसा कोरायच्या मऊ लिनोचा तुकडा ठेवलात आणि छत्रीच्या काडीला धार लावून केलेली कोरणी. "जे झालं ते कोर. उलटं कोरायचं, छापल्यावर सुलटं येतं." तुमचं तोंड बघायची इच्छा नव्हती, पण ती कोरणी मला हवी होती. हावरटच होते मी.

महिनाभर कोरलं. झोपडी, आईच्या हातातली फुंकणी, हवालदार, भेंडोळं, मिशीवाला हॉटेलवाला. शेवटचा माणूस बिनचेहऱ्याचा ठेवला. "हा कोण?" तुम्ही विचारलंत. मी तुमच्याकडं बघितलं. मग तुम्ही स्टूल ओढलंत आणि खिडकीकडं तोंड करून शनिवारची अख्खी दुपार बसून राहिलात. नाकापाशी माझा हात घसरला, तर म्हणालात, "राहू दे. लिनोवर खोडरबर चालत नाही." चमच्याच्या पाठीनं घासून पहिली प्रत काढली. सुटून आलेल्या वडिलांना दाखवली, तर "मास्तर हुबेहूब" म्हणाले आणि कितीतरी वेळ बघत बसले.

तुम्ही गेल्यानंतर माझं पहिलं प्रदर्शन झालं. छापायच्या आधी मी तुमच्या चेहऱ्यावरची शाई फडक्यानं पुसली. तिथं नुसता पांढरा गोल उमटला. लोक म्हणाले, वा, हा पंच म्हणजे आपण सगळेच! मी मान डोलावली. इतका थोर विचार माझ्या डोक्यात कुठला! ज्यांच्या सहीनं बाप तुरुंगात गेला त्यांनीच मला हे काम दिलं, आणि चारचौघांत तुमची छी-थू झालेली मला सोसली नसती. त्यानंतर प्रत्येक प्रत तशीच निघाली.

पुढच्या आठवड्यात चिंचवडलाच प्रदर्शन आहे. वडील आता ऐंशीच्या पुढं गेलेत. काल त्यांनी चौकटीतलं चित्र डोळे बारीक करून पाहिलं.

"मास्तर कुठं हायत?"

"पुसले."

"मंग सही कुणी केली?" मी चौकट भिंतीला टेकवली. "चित्रासाठी सवताहून बसले व्हते न्हवं ते? तू कोन पुसनारी?"

सकाळी लिनो बाहेर काढला. कडा चिरल्यात, पण तुमचं घसरलेलं नाक तसंच आहे. चित्र तुमच्या चेहऱ्यासकट लागणार. हे कोण म्हणून कुणी विचारलं, तर सांगेन, माझे सर. हे पत्र मात्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला एवढंच सांगते: आज दुसऱ्या प्रतीला शाई लावली तेव्हा माझा हात पुन्हा फडक्याकडं गेला होता.