सातव्या नळीचा निकाल

लायडन, ३ मार्च १९८९

चि. वीत्स्के हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आईच्या वाढदिवसाला तू आली नाहीस, तरी बैठक तुझीच झाली. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर केकच्या बशा सांभाळत बसलेल्या सगळ्यांना आईने सांगितले, की प्लेटलेटविरुद्धची प्रतिपिंडे शोधायची वीत्स्केची पद्धत आता साऱ्या युरोपात चालणार. मीही वीस वर्षे हेच करते, हे मावशीला मलाच सांगावे लागले. ती म्हणाली, हो का.

अजून काही ठरलेले नाही, बाई. सिरमच्या त्याच दहा नळ्या चौदा प्रयोगशाळांत गेल्यात; ज्याचे निकाल बरोबर, त्याची पद्धत समिती मे महिन्यात प्रमाण ठरवेल. तुला सातव्या नळीत प्रतिपिंड सापडल्याचे तुझ्या साहेबांनी आमच्या साहेबांना फोनवर ऐकवलेच. माझ्याकडे ती नळी कोरी आहे. काच नीट धुवावी, हे तुला लहानपणापासून सांगत आले.

लोभ तूर्त आहे तेवढाच.
हिल्त्ये

ग्रोनिंगन, ११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

भांडी मी धुवायचे आणि तू पुसायचीस, तेव्हा डाग निम्मे तुझेही. सातवी नळी मी तीनदा तपासली. ज्यांच्या प्लेटलेटवर ती नवी सापडलेली खूण असते, त्यांनाच हे प्रतिपिंड चिकटते. मी सहा जणांचे रक्त घेतले, दोघांच्याच प्लेटलेटना चिकटले. तू कोणाचे घेतलेस? रागावू नकोस, पण तुझी सवय ठाऊक आहे. बाही वर केली की झाले.

रागातही आठवण ठेवावी.
वीत्स्के

लायडन, २० मार्च

चि. वीत्स्के हिस आ. वि. वि.

तुझे पत्र फाडले. मग लॅबमधल्या पाच जणांचे रक्त घेऊन बसले. एकाच्या प्लेटलेटना चिकटले. माझ्या प्लेटलेटवर ती खूण नाही. स्वतःचे रक्त ताजे, फुकट आणि कुरकुर न करणारे, म्हणून वीस वर्षे तेच वापरले.

निकालाचा कागद टेबलावरच होता. सातव्या ओळीत दुरुस्ती करायला पेन पुरले असते. पण तुझे उत्तर माझ्या अक्षरात जाणार, हे काही सोसेना. कागद होता तसाच पाठवला, खाली चूक का झाली ते लिहिले आणि एक नियम सुचवला: तपासणाऱ्याने केवळ स्वतःच्या रक्तावर निकाल देऊ नये. समितीने तो पहिल्या क्रमांकावर घेतल्याचे आजच कळले.

पद्धत तुझी ठरेल. तिच्यातले पहिले कलम माझे आहे. आईला फोन करशील तेव्हा सुरुवात तिथून कर.

जमेल तितका लोभ करते, तूही करावास.
हिल्त्ये