उंदराविरुद्ध अकरा दिवस

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६:१०
घरात उंदीर शिरला आहे. बायकोने दुपारी पाहिला. ओट्याखालून निघून फ्रिजमागे गेला म्हणते. एवढ्यासाठी मला शाळेत फोन. नववीच्या रिलेचा सराव चालू होता, पोरांसमोर घरचं बोलावं लागलं. शांतपणे सांगितलं, मी येईपर्यंत त्याला फ्रिजमागेच ठेव. घरी आलो तर तो तिथे नव्हता. एक साधं काम सांगितलं होतं.

तिने सुचवलं, दादाला बोलावू या. दादा म्हणजे माझा मेहुणा. चष्म्याचं दुकान चालवतो, दिवसभर काचा पुसतो. मी बावीस वर्षं क्रीडाशिक्षक आहे. एका शिट्टीत तीनशे पोरं जागच्या जागी उभी करतो. आता उंदरासाठी चष्मेवाल्याला बोलावू?

उद्या सकाळी सातच्या आत एक घाव दोन तुकडे.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७:२०
विषय संपला नाही, पण प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास झाला. स्पीड चांगला, टर्निंग उत्तम. हॉकी स्टिकचे सहा फटके मारले. पाच फरशीवर, सहावा पिठाच्या डब्यावर. डबा पत्र्याचा असूनही फाटला, यावरून फटक्यातली ताकद कळावी. पीठ छतापर्यंत उडालं. आई दारात येऊन बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, यात उंदीर कुठला आणि तू कुठला ते सांग, म्हणजे मी आत येते.

फरशा फुटल्या: तीन. त्यातली एक आधीच तडकलेली असावी.

संकल्प: रागवायचं नाही. खेळाडूवृत्ती ठेवायची. ठोकायचं, पण हसतमुखाने.

५ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ७:००
काल एकट्याने खेळलो हीच चूक. हा टीम गेम आहे.

घराचे तीन झोन पाडले. झोन एक स्वयंपाकघर, झोन दोन बाहेरची खोली, झोन तीन न्हाणीघर. मी आत शिरून हुसकावणार. लांब शिट्टी एक: सगळी दारं बंद. छोट्या शिट्ट्या दोन: दार उघडायचं आणि जे बाहेर येईल त्याला खालच्या बाजूला पूर्ण ताकदीने हाणायचं. बायकोला लांब दांड्याचा झाडू. आईला खुर्ची आणि माझी जुनी बॅट. आमची ठकी आठ वर्षांची आहे, तिला दार उघडण्याचं काम. आई म्हणाली, मला नीट दिसत नाही. मी म्हणालो, दिसण्याची गरजच नाही, शिट्टी ऐकायची आणि हाणायचं. चाळीस मिनिटं सराव घेतला. आई अपेक्षेपेक्षा चांगली निघाली.

स्वयंपाक राहिला. पाव आणि केळी खाल्ली.

ठकीने मधेच विचारलं, त्याने काय केलं? मी म्हणालो, मॅचमध्ये असं विचारत नाहीत. मग विचारलं, त्याला आई असेल का? सराव चालू असताना असले प्रश्न विचारायचे नसतात, हे जरा मोठ्या आवाजात सांगावं लागलं. रडली नाही. कणखर होते आहे पोरगी.

६ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६:४५
डाव्या गुडघ्यावर बर्फ धरून लिहितो आहे.

उंदीर न्हाणीघरात सापडला. लांब शिट्टी दिली, दारं बंद. इथवर सगळं प्लॅनप्रमाणे. मी शिट्टी दातात धरून, पालथा पडून, बादल्यांमागे हात घातला. तो हातावरून चढला, मानेवरून धावला आणि शर्टाच्या कॉलरमध्ये शिरला. कोणाचाही श्वास वर-खाली होईल. माझा दोनदा झाला. शिट्टी दातातच होती.

ठकीने दार उघडलं. मी वाकूनच बाहेर पडलो. आईने मी शिकवल्याप्रमाणेच केलं.

प्रशिक्षक म्हणून तिचं कौतुक करायला हवं होतं. मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. बॅट तिच्या हातातून हिसकावली आणि दाराच्या चौकटीवर आपटली. एक घाव दोन तुकडे झाले, पण बॅटचे. एक तुकडा उडून आईच्या पायाला लागला. लागला म्हणजे नुसता चाटून गेला, रक्त फार नव्हतं. ती खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली. आमच्या घरात दिवसाढवळ्या कोणी कडी लावत नाही.

उंदीर शर्टातून निघून पळाला. तो या गडबडीतला एकमेव शिस्तीचा खेळाडू.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ४:३०
शाळेत लंगडत गेलो. सरावात लागलं असं सांगितलं. खोटं नाही.

आज एक गंमत. चहाचा कप टेबलावर ठेवला, जरा जोरात ठेवला गेला असेल. ठकी थेट टेबलाखाली. मी बघायला खाली वाकलो तर तिने दोन्ही हात डोक्यावर धरलेले. काय रिफ्लेक्स! अगदी माझ्यावर गेली आहे. आता थोडं फूटवर्क शिकवलं की झालं.

बायको तिला टेबलाखालून काढून आत घेऊन गेली. मग बाहेर येऊन, हळू आवाजात, मुदत दिली. रविवारपर्यंत हे संपलं नाही तर ठकीला आणि आईंना घेऊन मी दादाकडे जाते. मी म्हणालो, रविवारपर्यंत उंदीर जिवंत राहत नाही.

"मी उंदराबद्दल बोलत नाहीये," ती म्हणाली.

मग कशाबद्दल बोलत होती ते काही सांगितलं नाही. हिला विषय सोडून बोलायची सवयच आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ११:००
आज मैदानी सामग्री आणली. गोळा, थाळी, भाला. शाळेच्या शिपायाने रजिस्टरमध्ये कारण काय लिहू विचारलं. घरगुती, असं लिही म्हणालो.

९:४० ला उंदीर पडद्याच्या दांडीवर दिसला. फेक अचूक होती. भाला पडद्यातून गेला, हे मान्य. पडद्यामागे खिडकी असते हे त्या क्षणी डोक्यात नव्हतं, हेही मान्य. पाच मिनिटांनी शेजारचे वकील भाला घेऊन दारात उभे. भाल्यावर त्यांची चादर तशीच ओवलेली. सभ्य माणूस. एवढंच विचारलं की हा रोजचा कार्यक्रम आहे की फक्त शनिवारचा. मी त्यांना आत बोलावलं, ते नको म्हणाले. माझ्या हातात गोळा होता, त्याचा गैरसमज झाला असावा.

गोळा वापरला. उंदीर चपलांच्या कपाटाखाली होता. आता कपाट नाही. उंदीर आहे.

ठकीने आज माझ्याकडून वेणीला रिबन बांधून घेतली नाही. शनिवारी ते काम माझं असतं. मला नुसती गाठ येते, फूल येत नाही, तरी ती दर शनिवारी माझ्याकडेच येते. आज आजीकडे गेली. आजीला धड दिसतही नाही.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२:१५
मुदतीचा दिवस. पहाटे उठून जोर मारले. गुडघा बरा आहे.

साडेनऊला तो ठकीच्या पलंगावर दिसला. उशीजवळ, निवांत, मिशा साफ करत. ठकी पलंगाजवळ खाली बसून दप्तर भरत होती. माझ्याच घरात, माझ्याच लेकीच्या उशीवर! डोक्यात तिडीक गेली. स्टिक दोन्ही हातांनी उचलली आणि आडवी फिरवली. उशी फाटली, पलंगाजवळचा दिवा फुटला, भिंतीवरचा आरसा खाली आला. ठकीच्या कानाजवळून स्टिक गेली असं बायको म्हणते. मधे किमान एक फूट अंतर होतं. बायको म्हणते, चार बोटं. अंतर मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत.

ठकी ओरडली नाही. हललीसुद्धा नाही. तिच्या केसांत काचेचे कण होते आणि ती एकेक वही दप्तरात भरत राहिली. मी म्हणालो, बघ, घाबरली नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पलंगाखालून मोठी बॅग ओढली, उघडून ठेवली आणि कपडे काढायला कपाटाकडे गेली. मी अर्धा तास त्या उंदराला दुसऱ्या खोलीत शोधत होतो, त्यामुळे निरोपाचं बोलणं नीट झालं नाही.

अकराला निघाल्या. आईसुद्धा. आई म्हणाली, तुझे वडील रागीट होते, पण त्यांना निदान माणसं दिसायची. ठकीने टाटा केला नाही. दोन्ही हातांत सामान होतं.

खरं तर एकाच हातात होतं.

वाईट वाटलं. पण एका अर्थी बरंच झालं. मैदान मोकळं झालं.

१० फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९:००
शाळेत रजा टाकली. कारण: घरगुती.

पहाटेपासून ओट्यामागच्या भिंतीत आवाज. टक टक, थोडं थांबून पुन्हा टक टक. मला डिवचतो आहे. मैदानावर खांब ठोकायचा घण आणला आहे. आज दया नाही.

त्याच दिवशी, दुपारी १:३०
ओटा फोडला. अर्धा दगड पायावर पडला, अंगठ्याचं नख काळं झालं. मग भिंत. एक वीट, दुसरी वीट, असं करत करत साधारण दरवाजाएवढं झालं. हात थांबत नव्हते. तासभर शिव्या देत होतो, त्यातल्या काही माझ्या वडिलांच्या होत्या हे नंतर लक्षात आलं. शेवटच्या घावाला पाण्याचा पाइप फुटला. स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी.

उंदीर बुडाला असण्याची दाट शक्यता आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी १०:४०
प्लंबर येऊन गेला. भगदाडासमोर उभा राहिला आणि विचारलं, इथे दार काढणार आहात का? मी हो म्हणालो. आवाजाबद्दल तो म्हणाला, पाइपात हवा अडकली की असं टकटकतं, नळ पूर्ण सोडला असता तर दोन मिनिटांत थांबलं असतं. त्याचा अनुभव माझ्यापेक्षा कमी आहे, वादात पडलो नाही.

फोनवर आईला प्रगती कळवली. आई म्हणाली, लोक डोंगर पोखरून निदान उंदीर तरी काढतात. ठकीशी बोलायचं म्हणालो. ती खेळते आहे असं कळलं. मागे कोणी खेळत असल्याचा आवाज येत नव्हता.

१२ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी ५:३०
विजय!

रविवारनंतर उंदीर दिसलेला नाही. बिस्किटं ठेवली, तशीच आहेत. लेंडी नाही, कुरतडलेला कागद नाही. सोमवारचा घणाचा आवाज ऐकून जो प्राणी थांबेल तो उंदीर नव्हे. पळाला. दहशत बसली. मेहुण्याने जन्मात कोणाला दहशत बसवली नसेल.

दिवसभर घर झाडलं. काचा पाच वेळा वेचल्या, ठकी अनवाणी फिरते म्हणून. भगदाडावर चादर टांगली. बायकोला मेसेज केला: घर उंदीरमुक्त. उद्या सकाळी घ्यायला येतो. तिचं उत्तर: बघू.

बघू म्हणजे हो. सोळा वर्षांचा संसार आहे, मला कळतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ८:२०
इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. मेहुण्याचा फोन आला.

उंदीर रविवारीच त्यांच्याकडे गेला. बॅगेतून. पलंगावरून पळून बॅगेत लपला असणार, त्यावर कपडे पडले. तिथे पोचल्यावर ठकीनेच बॅग उघडली. ओरडली नाही. मामाला हळूच हाक मारली. मामाने चष्म्यांचा रिकामा खोका आडवा ठेवला, आत बिस्किटाचा तुकडा टाकला आणि दोघं पाय वर घेऊन सोफ्यावर गप्प बसली. वीस मिनिटं. उंदीर आत गेला, ठकीने झाकण लावलं. दोघांनी चालत जाऊन त्याला लांब मोकळ्या जागेत सोडलं.

म्हणजे सोमवारी मी भिंत फोडत होतो तेव्हा घरात मी एकटाच होतो.

मी विचारलं, चार दिवस सांगितलं का नाही? तो म्हणाला, बहीण म्हणाली सांगू नको, तुम्ही आपणहून कधी थांबता ते तिला बघायचं होतं.

मी म्हणालो, बरं, ते झालं गेलं, ठकीला दे. मग तिचा श्वास ऐकू आला. मी अगदी हळू आवाजात बोललो. सांगितलं, आता घरी ये, घरात उंदीर नाही, कोणीच नाही.

"मग आता तू कोणाला मारणार?" तिने विचारलं.

चिडून नाही. रविवारी शाळा आहे का, असं विचारावं तसं.

विचार करून सांगतो, म्हणालो. ती बरं म्हणाली आणि तिने फोन मामाकडे दिला.