साठची म्हणून दिलेली फ्रेम

अवेत,

तुझ्या सायकलची सीट दांड्यासकट मी चर्चला नेते आहे. घरात शोधत बसू नकोस.

सायकल देताना ग्रमायकाका म्हणाले होते, "वहिनी, फ्रेम साठची आहे, आपल्या जिराफाला अगदी बसेल." मग तिच्यावरचा आकडा खरवडलेला का? शिवणाच्या टेपने मी पायडल ज्याभोवती फिरतात त्या आसाच्या मध्यापासून सीटखालच्या नळीच्या टोकापर्यंत मोजलं. चौपन्नच सेंटिमीटर भरलं. तुझे पाय पुरावेत म्हणून दांडा इतका वर ओढलाय, की नळीत राहायला हवी ती खूण बाहेर आली आहे. खुणेवर काळी पट्टी आहे, आणि तसली पट्टी काकांकडे नाही, तुझ्या खणात आहे. शर्यत चुकू नये म्हणून आईपासून लपवलंस ना? शर्यतीत नेफासितच्या घाटाच्या उतारावर दांडा निसटला तर तू कुठे सापडशील, याचा विचार केलास का?

आज मेरिगेता, आपल्या चर्चचे गायनगुरू, गाऊन प्रवचन करणार आहेत. काका नेहमीसारखे पुढे बसून डोळे पुसतील. तूही पायी ये आणि त्यांच्या शेजारी बस. प्रवचन संपलं की दोघांना एकदमच विचारते. इतकं गोड ऐकल्यावर माणसाला लगेच खोटं बोलवत नाही.

आई