दिव्याचे कंटेनर आणि चाकणचं गेट

मोशी, गुरुवार

तीर्थस्वरूप आबाजीदादा आणि सुभद्रावहिनी यांच्या पायांवर धाकट्या ज्योतीरामचं व अंबूबाईचं डोकं.

आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत. तुमचे गुडघे आणि वहिनींचा दमा काय म्हणतो ते कळवा. (फोनवरच विचारलं असतं, पण तुम्हाला ऐकू कमी येतं आणि ते कबूल करण्यापेक्षा तुम्ही काहीतरी उत्तर ठोकून देता. मागच्या खेपेला मी म्हैस कशी आहे विचारलं, तर तुम्ही म्हणालात, आत्ताच देवळातून आली. म्हणून पत्र.) तर पत्रास कारण असं की आपल्या दिव्याने पराक्रम केला आहे, आणि तो गावात कुणाकडून तरी अर्धवट पोचण्यापेक्षा माझ्याकडून भरभरून पोचावा.

पोरगी चिंचवडच्या कंपनीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ती तिथे नेमकं करते काय, असं तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी दर दिवाळीला ‘कॉम्प्युटर’ एवढंच म्हणून चकलीकडे वळतो. यंदा तसं होणार नाही. मध्यंतरी जेवताना ती म्हणाली, कंपनीने माझ्याकडे कंटेनरचं काम दिलंय. मला भरूनच आलं. सगळी हयात कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबण्यात गेली, पण निवृत्तीनंतर मी चाकणला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे सुपरवायझर म्हणून जातो, म्हणजे कंटेनर हा आपला प्रांत. मी विचारलं, वीस फुटी की चाळीस फुटी? तिने हातातला घास ताटात ठेवला आणि आईकडे बघितलं. (अंबूबाई हसली. तिलाही काही कळलं नव्हतं, पण माझी फजिती झाली की ते तिला न सांगता कळतं.)

तर हे कंटेनर डोळ्यांना दिसत नाहीत. दिव्याची कंपनी कारखान्यांसाठी प्रोग्राम बनवते. कुठला ट्रक काय माल घेऊन आला, त्याला आत सोडायचं का, गेटपास छापायचा, अशी कामं ते करतात. हे प्रोग्राम स्वतःच्या मशीनवर नाही, भाड्याच्या मशीनवर चालतात, त्याला क्लाउड म्हणतात. प्रत्येक प्रोग्राम आपल्या कंटेनरमध्ये बसतो, आणि बसायच्या आधी त्याच्या नावाने सांगून ठेवावं लागतं की ह्याला एवढी मेमरी लागेल, एवढा प्रोसेसर लागेल. ह्याचं नाव रिक्वेस्ट. एकदा सांगितलं की तेवढी जागा अडली. तो वापरो न वापरो, भाडं चालू. आता सांगताना कमी कोण सांगेल? लग्नात आचारी आकडा विचारतो तेव्हा आपल्या भावकीतलं एकेक घर माणसं फुगवून सांगतं आणि मागून जिलेबी गावभर वाटत फिरावी लागते, तोच प्रकार. इथे भाडं इतकं चढलं की मालक माणसं कमी करायची भाषा बोलू लागले. त्यात पहिलं नाव दिव्याच्या शेजारी बसणाऱ्या मोनिकाचं. (पोर पोटुशी आहे हो.)

दिव्या म्हणाली, माणसं असू द्या, आधी ही अडवून ठेवलेली जागा सोडवू. मग कितीतरी आठवडे ती कुठला प्रोग्राम खरोखर किती खातो ते बघत बसली आणि एकेकाची मागणी कमी करत गेली. मागणीही आणि ज्याच्या पलीकडे जायचं नाही ती मर्यादाही. भाडं उतरलं. मोनिका राहिली. त्यांच्या साहेबांनी (समर्थ नाव, दिव्याहून थोडेच मोठे, पण दाढीमुळे साहेब वाटतात) सगळ्यांदेखत तिची पाठ थोपटली, आणि दिव्याने घरी पेढे आणले.

त्यातले निम्मे मी चाकणला नेले, आणि पुढे जे झालं त्यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही. ज्या कारखान्यात आमचा माल जातो त्याच्या गेटवर दिव्याच्या कंपनीचाच प्रोग्राम आहे. रांगेतल्या ड्रायव्हरांना मी पेढे वाटले आणि सांगितलं, तो गेटपासचा स्क्रीन दिसतो ना, तो माझ्या लेकीच्या हाताखाली आहे. (अख्खा कारखाना तीच चालवते असं मी म्हणालो नव्हतो. सोनबाने तसा अर्थ काढला.) सोनबा म्हणजे मोशीच्याच जुन्या घरातला माणूस. जमीन गेल्यावर त्याने ट्रक घेतले आणि त्यातला एक तो स्वतः चालवतो, कारण त्याचा ड्रायव्हर जातीवर विश्वास नाही.

दादा, पेढा अजून तोंडात होता आणि स्क्रीन काळा झाला. महिनाअखेर होती. त्या दिवशी दिसेल तो ट्रक माल टाकायला चाकणकडे पळतो, त्यामुळे गेटपासच्या प्रोग्रामला एरवीच्या कितीतरी पट खुराक लागतो, आणि दिव्याने तर त्याला रोजच्या खुराकावर आणून ठेवलेला. मर्यादेबाहेर गेला की मशीन त्याला बंद पाडायचं, तो पुन्हा उठायचा, पुन्हा पडायचा. स्क्रीन उजळायचा, ‘कृपया थांबा’ म्हणायचा आणि विझायचा. ट्रकांची रांग जी लागली ती थेट तळेगाव चौकाला जाऊन भिडली. आत उत्पादनाच्या लाइनवरचा माल संपत आलेला, लाइन थांबली की कुणाची तरी नोकरी जाणार, स्टोअरवाला गेटपाशी येऊन हात चोळतोय, मागून हॉर्न. सोनबा खाली उतरला, उरलेला अर्धा पेढा माझ्या हातावर परत ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “सुपरवायझर, ही तुमच्याच लेकीची करामत हाय न्हवं?”

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. सगळे माझ्याकडेच बघत होते. मी म्हणालो, “होय, तिचीच. आणि नीटही तीच करेल.” म्हणालो खरा, आणि लगेच बाजूला जाऊन तिला फोन लावला. मला वाटलं, रडत असेल.

“बाबा, मी त्याला जास्तच आवळलं. वाढवतेय. फोन ठेवा, मला काम करू द्या.”

बापाशी असं तोडून कुणी बोललं तर एरवी माझं डोकं फिरतं. त्या दिवशी छाती फुगली. आणि स्क्रीन लागला, दादा. लागला तो टिकला. ट्रक हलले.

पण खरा पराक्रम त्याच्या पुढचा. कारखान्याची तक्रार गेली, मीटिंग बसली, आणि समर्थ साहेब असे घाबरले की म्हणाले, सगळ्याच प्रोग्रामना पूर्वीएवढी जागा देऊन टाका, नसती जोखीम नको. म्हणजे पुन्हा ते भाडं आणि पुन्हा मोनिकाचं नाव. तेव्हा दिव्या उठून उभी राहिली. म्हणाली, चूक माझी आहे, मी रोजचा वापर बघितला, महिनाअखेर बघितली नाही. पण म्हणून सगळ्यांना पोटभर वाढायचं कारण नाही. गेटपास थांबला तर ट्रक थांबतो, त्याला सढळ हाताने द्या. अहवाल काढणारा प्रोग्राम थोडा रेंगाळला तर कुणाचं काही अडत नाही, त्याला आवळलेलाच ठेवा. (हे सगळं मला मोनिकाने सांगितलं. ती अंबूबाईच्या हातचं थालीपीठ खायला येते. दिव्या स्वतःबद्दल काही बोलत नाही. तो गुण आईकडून आलेला असावा, आमच्या घराण्यात तो नाही.) साहेबांनी दाढी खाजवली आणि मान्य केलं. पुढची महिनाअखेर आली आणि गेली. गेट अडलं नाही, भाडं खालीच राहिलं, आणि आता सोनबा मला बघितलं की आधी ताईसाहेब बऱ्या आहेत ना, असं विचारतो.

वहिनींना सांगा, धुरापाशी बसू नका. हे पत्र पारावर चारचौघांत मोठ्याने वाचलंत तरी माझी हरकत नाही. हळू वाचलंत तर मात्र वाईट वाटेल.

तुमचा धाकटा,
ज्योतीराम

ता. क. : दिव्याने आत्ता पत्र वाचलं. तिचं म्हणणं, गेट बंद होतं ते एक कप चहा प्यायला लागतो तेवढा वेळ, लाइन थांबायची काही भीती नव्हती, आणि तळेगाव चौकापर्यंतची ती रांग रोजचीच असते. मी काही खोडलेलं नाही. खाडाखोड केलेलं पत्र वाईट दिसतं.

आणखी एक ता. क. : हे पोस्टातल्या बाकावर बसून लिहितोय, घरी कुणाला माहीत नाही. तुम्ही सुचवलेल्या बार्शीच्या स्थळाला कृपा करून नकार कळवा. मुलगा चांगला आहे. पण त्याच्या वडिलांचा परवा फोन आला, की लग्नानंतर मुलीची नोकरी तेवढी बंद करा, बाकी सगळं जमतंय. आणि दादा, गेटवर एवढं बोलणारा मी तिथे ‘बघू’ म्हणालो. तेव्हापासून जेवताना पोरीच्या तोंडाकडे बघवत नाही. शब्द तुम्ही टाकला होता, तर नकारही तुमच्या तोंडून शोभेल. मात्र अंबूबाईने विचारलं तर नकार त्यांच्याकडूनच आला असं सांगा. तिने साखरपुड्याची साडी घेऊन ठेवली आहे, फॉल-पिकोसकट.