वणवा तू माझ्यासाठीच ठेवला होतास

प्रिय अक्का,

काल हे तिरुविडैमरुदूरला तुझं घर आवरायला गेले होते. येताना तुझी पत्त्यांची निळी पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "हिचं काय करायचं ते तूच ठरव." मी ती उघडली. उघडली नसती तर बरं झालं असतं! आज लिहायला बसले, कारण असलं काही सांगावं असं माझं माणूस या मुलखात एकच होतं. तूच.

सांगलीहून लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. भाजीवालीशी नुसते हातवारे. तुला पहिल्यांदा "वन्सं" म्हटलं तर केवढी हसलीस! "वन्सं काय गे? अक्का म्हण. तू म्हण. मज त्या अहो-जाहोचा कंटाळा." तुमच्या घरात मराठी राजांच्या काळापासून चालत आलेली ती जुनी मराठी ऐकून मला वाटायचं, एखादी बखरच बोलायला लागलीय. पण मराठी तर होती! मी तुला धरूनच राहिले.

आणि तू कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी बाई, दर रविवारी दुपारी महामहम तळ्याजवळच्या खेळण्यांच्या दुकानाच्या माडीवर, पोरांमध्ये बसून ड्रॅगन आणि राक्षसांचे पत्ते खेळायचीस. मलाही ओढून नेलंस. आपापला साठ पत्त्यांचा डेक बांधायचा आणि समोरच्याशी लढायचं, एवढंच तेव्हा कळलं.

माझा पहिला डेक आठवतो? सगळे मोठे, देखणे ड्रॅगन भरले होते मी. ते मैदानात उतरवायला शक्तीचे पत्ते लागतात, ते जेमतेम घेतलेले. हातात ड्रॅगन धरून मी बसून राहिले आणि हरले. तू एवढी हसलीस की तुझी कॉफी पितळी डबरा-वाटीतून सांडली. "सगळे नवरदेवच घेतलेस गे! वऱ्हाड कोण आणणार?"

मग तू माझ्या घरी यायला लागलीस. सगळे पत्ते फरशीवर मांडायचे आणि एकेकावर बोट ठेवून तू विचारायचीस, "हा कशास?" मला उत्तर देता आलं नाही की तो पत्ता बाहेर. सुंदर पत्ते काढताना मी रडकुंडीला यायचे. पण हळूहळू डेक चालायला लागला. मग मला माझी स्वतःची युक्ती सुचली. मेलेले, टाकलेले पत्ते ढिगात जातात. त्या ढिगातूनच माझे योद्धे परत उठवायचे. माडीवर दुसरं कुणी तसं खेळत नव्हतं. ते ओळखून तू टाळ्या पिटल्या होत्यास, अक्का!

त्यानंतर तू माझ्याकडून हरायला लागलीस. डाव लवकर आटोपून "पोदुम्, आज पुरे" म्हणायचीस. मला वाटायचं, दमली असेल.

मंगल कार्यालयातली ती स्पर्धा. आसपासच्या गावांतून माणसं आली होती. मी सुरुवातीचे डाव जिंकले. अनोळखी पोरं येऊन माझं नाव विचारत होती. यांची बायको, अक्काची भावजय असं नव्हे, माझं नाव! पुढच्या डावाला समोर तू आलीस. उठून मला मिठी मारलीस. आणि मग तो पत्ता टाकलास.

त्याला आपण दोघी वणवा म्हणायचो. टाकलेल्या पत्त्यांचा अख्खा ढीग तो जाळून टाकतो. मी पुन्हा ढीग जमवला, तू पुन्हा वणवा टाकलास. मग आणखी एक. उठवायला माझ्याकडे कुणी उरलंच नाही. बघणाऱ्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तू पत्त्यांवरून नजर उचलत नव्हतीस. मी तशीच घरी निघून आले.

पोंगलला तू आलीस तेव्हा स्वयंपाकघरात मी विचारलं, "अक्का, असं का केलंस?"

"खेळ आहे गे तो," म्हणालीस, आणि वेलदोडे कुठे आहेत म्हणून विचारलंस.

पुढच्याच महिन्यात तू वर्गात शिकवताना कोसळलीस, ती उठलीच नाहीस. आता कुणाला विचारू?

सांत्वनाला आलेला खेळण्यांचा दुकानदार म्हणाला होता, "स्पर्धेतून तुम्ही निघून गेल्यावर अक्का पुढच्याच डावात वाईट हरल्या. काय झालं होतं कोण जाणे." मला काल कळलं काय झालं होतं. नियमाने जास्तीत जास्त जेवढे घेता येतात तेवढे वणवे तुझ्या डेकमध्ये आहेत. ढिगावर खेळणारी सगळ्या स्पर्धेत मी एकटी. दुसऱ्या कुणासमोर त्यांचा काडीचा उपयोग नव्हता. त्यांना जागा करायला तू तुझे ते घुबडांचे पत्ते काढलेस, ज्यांच्याशिवाय खेळायला बसत नव्हतीस! मला अडवण्यासाठी तू स्वतःचा डेक मोडलास. आणि माझ्या डेकमध्ये काय आहे ते तुला कसं ठाऊक होतं? माझ्याच फरशीवर बसून एकेक पत्ता विचारला होतास ना?

यांना दाखवलं तर म्हणाले, "लहानपणी हरायला लागली की सोंगट्या उधळायची."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"वाटलं, मोठी झाली असेल."

मी हसले, आणि मग फार रडले. तुला माझी भीती वाटत होती का अक्का? एकदा तसं म्हणायचंस तरी! तू म्हटलं असतंस तर मी नवा डेक बांधला असता. शत्रू म्हणून समोर बसली असतीस तर मी सावध तरी राहिले असते. मिठी कशाला मारलीस?

माफ केलं असं लिहिणार नाही. अजून केलेलं नाही. पण रविवारी मन तुझ्याकडे धावतं, तेही खरं.

माडीवर हल्ली चोळपुरम्‌ची कामाक्षी येते. पोस्टात नोकरी करते. डेकभर नुसते ड्रॅगन! परवा तिने मला शिकवशील का म्हणून विचारलं आणि मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये हो म्हटलं. तिचा पत्ता न् पत्ता मला माहीत होणार. तुला शब्द देते, ती समोर येईल त्या दिवशी माझ्या हातात तोच डेक असेल जो मी सगळ्यांसमोर खेळते. तिच्यासाठी वेगळं काही लपवून आणणार नाही. हरले तर तिच्या तोंडाकडे बघून हरेन.

तुझी, अजून रागावलेली,
मेधा