तीन गावं न सुकलेला गजरा

नाशिक, रविवार संध्याकाळ, १९९९

आठवडाभर यांच्याशी बोलत नव्हते, पण तिकिटं आधीच काढलेली, म्हणून सिनेमाला गेलो. गोष्ट नाटक कंपनीची. लाइटवाला नटीला मोगऱ्याचा गजरा देतो, ती तोच माळून तीन गावं दौरा करते. शेवटी तो मनातलं सांगतो तेव्हा सगळं थिएटर रडत होतं. मीसुद्धा. पण गजरा? तसाच पांढराशुभ्र.

हे कानाशी म्हणाले, "आपला दुपारपर्यंत नाय टिकत." आम्ही फुलं पिकवणारी माणसं, हसू आवरेना. पुढची बाई वळून बघायला लागली.

एवढा गोड सिनेमा, आणि गजऱ्याकडे कुणाचं लक्ष कसं नाही? नटी मात्र रुसते फार छान.

घरी आल्यावर हे म्हणाले, "बुधवारी परत जाऊ." मी लगेच हो म्हणाले.

वही उघडली होती ती भांडण लिहायला.